तेवढ्यात

आमच्या घरात ‘तेवढ्यात’ हा शब्द जपून वापरतात. दूध उतू गेलं तर आई नुसतं ‘दूध गेलं’ म्हणते. पाहुणे आले तर ‘आलेत’ म्हणते, कधी आणि कसे ते आपण समजून घ्यायचं. चुकून कुणाच्या तोंडून तो शब्द गेलाच, तर मी हातात असेल ते टाकून दोन्ही कानांच्या पाळ्या मुठीत धरते. एकदा बातम्या सांगणाऱ्या बाईने तो म्हटला आणि माझ्या हातातून कपबशी गेली. आईने कपबशीचे तुकडे गोळा करता करता टीव्हीलाच दम भरला.

याला कारण आमचे बाबा. बाबा सोनार. पुढे दुकान, मागे घर आणि मध्ये एक पडदा, त्यामुळे दुकानातलं बोलणं स्वयंपाकघरात आणि स्वयंपाकघरातला वास दुकानात, असा सगळा खुला कारभार. दुकानात खिडकीपाशी एक उंच स्टूल आहे. त्याच्यावर बसवून बाबा लोकांचे कान टोचत. गावातले निम्मे कान त्यांनी टोचलेले, आणि उरलेले निम्मे त्यांच्या वडिलांनी.

टोचायची त्यांची एक पद्धत होती. पाळी स्पिरिटने पुसायची, पेनाने ठिपका द्यायचा, मागे बुचाचा तुकडा धरायचा आणि गोष्ट सुरू करायची. गोष्टीचा विषय ठरलेला: माणसं कानात का घालतात. गोष्टी मात्र पुष्कळ. एकीत म्हणे, फार पूर्वी माणसं या कानाने ऐकायची आणि त्या कानाने सोडून द्यायची, म्हणून दुकानाच्या दाराला घंटी लावतात तशी एका शहाण्याने कानाला लावली, शब्द बाहेर पडताना निदान कळावं. दुसरीत एका राजाचे कान भरणारे इतके झाले, की राणीने वैतागून दोन्ही कानांना कड्या घातल्या. दाराला कडी तशी कानाला कडी. तिसरीत एक खलाशी होता. बुडून परक्या किनाऱ्याला लागलो, तर तिथल्या लोकांनी आपल्याला नीट मातीत घालावं, फुकट कुणाला त्रास नको, म्हणून तो तेवढ्यापुरतं सोनं कानात घालून हिंडायचा.

एकदा इतिहास शिकवणारे एक मास्तर नातीला घेऊन आले होते. ते म्हणाले, हजारो वर्षांपूर्वीच्या थडग्यांमध्येसुद्धा कानातली सापडतात, पण का घालायचे ते नक्की कुणाला सांगता येत नाही. बाबा म्हणाले, म्हणजे माझं खोटं आहे असंही नक्की कुणाला सांगता येणार नाही. मास्तर खूश झाले आणि त्यांनी स्वतःचाही एक कान टोचून घेतला.

तर गोष्ट रंगात यायची. खलाशाच्या जहाजावर वादळ यायचं, शीड फाटायचं, तो डोलकाठीला मिठी मारून बसायचा, स्टुलावरच्या पोराचा आ वासलेला असायचा, बाबा म्हणायचे, “आणि तेवढ्यात...” आणि सुई पार. पोराला कळायचंसुद्धा नाही. मग आरसा, मग कौतुक, मग पुढचा कान आणि पुढची गोष्ट. त्या खलाशाचं पुढे काय झालं, हे आमच्या गावात अगदी परवापरवापर्यंत कुणालाही ठाऊक नव्हतं.

आता बघा, इतर पोरांच्या वाट्याला ही गोष्ट आयुष्यात एकदा येते. मी त्या दुकानात रांगले. मला चालता येण्याआधी तो शब्द कळत होता. माझी वेळ आली तेव्हा बाबांनी मला मोठ्या लाडाने स्टुलावर बसवलं, खलाशाला जहाजावर चढवलं, वादळ आणलं, आणि ‘आणि ते’ एवढंच म्हणाले असतील नसतील, मी कानात वारं शिरलेल्या वासरासारखी उधळले. पुढे मी, मागे हातात बूच घेतलेले बाबा, त्यांच्या मागे आई, आणि तिच्या मागे उगीचच समोरचा शिंपी. त्यानंतर दरवर्षी एक प्रयत्न व्हायचा आणि दरवर्षी शिंप्याला व्यायाम घडायचा. शेवटी सगळ्यांनी नाद सोडला.

मी मोठी झाले, बाबांच्या शेजारी बसून काम शिकले. डूल, झुबे, कुड्या, बाळ्या, सगळं करते, आणि चांगलं करते, हे सांगायला मला लाज वाटत नाही. माझ्या हातची फिरकी अशी बसते की कानातलं हरवायचं म्हटलं तरी हरवत नाही. पण माझे स्वतःचे कान कोरे. गिऱ्हाइकं डूल बघता बघता माझ्या कानांकडे बघत आणि गालातल्या गालात हसत. दिव्याखाली अंधार, ही म्हण मी इतक्या जणांकडून ऐकली, की पुढेपुढे ते तोंड उघडायच्या आधी मीच म्हणून टाकायची.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं, पण या उन्हाळ्यात बाबांचा अंगठा थरथरायला लागला. आधी चहाच्या कपात कळलं, मग कामात. एक दिवस त्यांनी एका बाईचा डावा कान टोचला आणि भोक ठिपक्याच्या केसभर वर गेलं. बाईला पत्ता नव्हता, ती आरशात बघून हसत निघून गेली. बाबांना पत्ता होता. त्यांनी सुई पुसली, डबीत ठेवली, आणि त्या दिवशी जेवले नाहीत.

मी म्हटलं, आता मी टोचते. उत्तर आईने दिलं. आजोबांपासूनचा नियम तुला माहीत आहे, म्हणाली. ज्याने त्या स्टुलावर बसून कान टोचून घेतले नाहीत, त्याने सुई धरायची नाही. नियम बरोबरच आहे. पण मला ते स्टूल हवं होतं. लहानपणापासून हवं होतं, त्यावर बसायला नव्हे, त्याच्या समोर उभं राहायला. रडवेलं होऊन आलेलं पोर दोन मिनिटांत आरशात स्वतःलाच बघून लाजतं, हे मी रोज पाहत आले होते, आणि ते माझ्या हातून व्हावं असं मला फार वाटायचं.

ही बातमी आत्याला लागली. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण, बाबांना अजून ‘ए बाळ्या’ म्हणते. तिचा मुलगा मोबाईल दुरुस्त करतो आणि त्याच्याकडे कान टोचायची बंदूक आहे, म्हणून आम्ही त्याला बंदूकवाला म्हणतो. त्याच्या दोन्ही कानांत मिळून इतक्या रिंगा आहेत की पडदे लावता येतील. आत्याने परस्पर ठरवून टाकलं, की येत्या रविवारी तो दुकानात येईल, स्टुलाचा ताबा घेईल, आणि घराण्याचं काम घराण्यात राहील. मी घराण्यात नव्हते का, असं मी विचारलं. आत्या म्हणाली, “तू आहेस ग. तुझे कान नाहीत.”

रविवारपर्यंत माझे कान टोचायचेच, असा बाबांनी पण केला. हात थरथरतो त्याचं बघू, म्हणाले, आधी ही जागेवर बसू दे. प्रश्न शब्दाचा होता, म्हणून त्यांनी शब्द बदलला. सोमवारी जेवताना त्यांनी हळूच राजाची गोष्ट काढली आणि ऐन वेळी ‘इतक्यात’ म्हणाले. मी ताटावरून उठले. मंगळवारी ‘अचानक’ म्हणाले, त्यानंतर ‘एकदम’, मग ‘बघता बघता’. परिणाम एवढाच झाला की मी त्या सगळ्याच शब्दांना घाबरायला लागले. घरात बोलणं मुश्कील झालं. आईला शेजारणीचं भांडण सांगायचं होतं, पण ज्या शब्दांवर भांडण पेटतं तेच सगळे बंद. शेवटी ती म्हणाली, “ती बोलली. मग ही बोलली. संपलं.” आणि पोट धरून हसायला लागली. बाबाही हसले, मीही हसले, मात्र कान धरूनच.

शुक्रवारी आत्या स्वतः आली. माझे कान टोचायला कुणी मिळत नसेल तर ती शब्दांनी टोचेल, असं म्हणाली आणि तिने ते चांगलं तासभर केलं. सोनारानेच कान टोचावेत म्हणतात ते उगीच नाही. आत्याने टोचल्याने भोक काही पडलं नाही.

रविवार उजाडला. बंदूकवाला आला, त्याने बंदूक काउंटरवर ठेवली आणि स्टुलाची उंची वरखाली करून पाहिली. मला ते अजिबात आवडलं नाही. बाबा पडद्याला टेकून उभे होते, पाहुण्यासारखे. आत्या खुर्ची अडवून बसली. आई पडद्याआडून एक डोळा लावून होती. आणि एक आजी आपल्या नातीला घेऊन दुकानात शिरल्या. नात एवढीशी, ठेंगणी, गोल. आजी तिला टिकली म्हणत होत्या.

बंदूकवाल्याने टिकलीला उचलून बसवलं आणि बंदूक सरळ केली. टिकलीने बंदुकीकडे पाहिलं, त्याच्या रिंगांकडे पाहिलं, आणि घसरून स्टुलाखाली गेली. आजीने ओढलं, आत्याने ओढलं, स्टूलसुद्धा हललं पण टिकली हलेना. ती स्टुलाच्या पायाला असा विळखा घालून बसली होती की मला तो विळखा ओळखीचा वाटला. मी खाली वाकले.

टिकलीने मला विचारलं, “तुझ्या कानात का नाही?”

मी खरं ते सांगितलं. मला भीती वाटते म्हटलं. टिकली म्हणाली, मलापण वाटते, आधी तू.

आत्या हसायला लागली. ही बसणारी असती तर आम्ही इतकी वर्षं काय झक मारली, असं म्हणाली. मला काय झालं कोण जाणे. राग आला, आणि रागात एक विचित्र उत्साहही होता, शाळा सुटताना असतो तसा. मी हात धुतले, पाळी स्पिरिटने पुसली, आरशात बघून ठिपका दिला, नवी सुई घेतली आणि त्या स्टुलावर चढून बसले. टिकली खालून बाहेर आली. मी तिला म्हटलं, नुसतं दाखवते हं, सुई कशी धरायची ते. डाव्या हाताने कानामागे बूच धरलं, उजव्या हाताने सुई. टिकली म्हणाली, पण माणसं कानात घालतातच कशाला?

इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. तो सगळे नेहमी बाबांना विचारायचे. बाबांची एकही गोष्ट मला सांगावीशी वाटली नाही, त्या सगळ्यांच्या शेवटी तो शब्द दबा धरून बसलेला. मग तोंडाला येईल ते सांगत सुटले. एक म्हातारी होती, म्हटलं. ती बोलायची आणि तिचा म्हातारा सगळ्याला ‘हं’ म्हणायचा. छत गळतंय, हं. बकरी व्यायली, हं. घराला आग लागली, हं. हा ऐकतो की नुसता हुंकारतो, हे कळायला मार्ग नव्हता. म्हातारीने काय केलं, तो झोपला असताना त्याच्या कानाला एक मणी टांगला. खरंच ऐकलं तर मान हलेल, मान हलली तर मणी डुलेल. डुलतो म्हणून त्याचं नाव डूल.

टिकली हसली. आजी हसल्या. मला फार मजा यायला लागली. गोष्ट सांगण्यात इतकी मजा असते हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी म्हाताऱ्याला उठवलं, त्याला अंगणात आणून बसवलं, म्हातारी बोलतेय बोलतेय, अख्खं गाव कुंपणाला लागून मणी डुलतो का बघतंय, म्हातारा ‘हं’ म्हणतो आणि मणी जागचा हलत नाही, म्हातारी कमरेवर हात ठेवून त्याच्या पुढ्यात येते, आणि तेवढ्यात...

“गेली,” टिकली म्हणाली.

मी आरशात पाहिलं. सुई माझ्या कानातून पार गेलेली होती आणि तिच्या मागे माझाच हात होता. आरशात मला पडद्याशी आई दिसली, तिने आपले कान धरले होते. आत्याने आपले धरले होते. बंदूकवाल्याने सगळ्या रिंगांसकट धरले होते. न धरलेले काय ते माझेच.

दुखलं. पण ते नंतर कळलं, आणि मुंगी चावल्याएवढंच. मी बाबांकडे वळून विचारलं, मला समजलंच कसं नाही.

बाबा पुढे आले. “तो शब्द कधी गिऱ्हाइकासाठी नव्हताच ग,” ते म्हणाले. “मला कुणाला सुई टोचवत नाही. पहिल्यापासून नाही. तो शब्द म्हटला की हात आपोआप पुढे जातो, एवढंच. म्हणणाऱ्याला भीती वाटत नाही, ऐकणाऱ्याला वाटते. तू जन्मभर ऐकतच राहिलीस.”

आत्या म्हणाली, बाळ्या, हे तू आम्हाला आज सांगतोस? बाबा म्हणाले, मला कुणी विचारलं नाही.

मग टिकली स्टुलावर बसली. मी पुन्हा हात धुतले, दुसरी नवी सुई काढली आणि म्हातारी पुन्हा कमरेवर हात ठेवून उभी राहिली. पहिला कान झाला, दुसरा कान झाला. टिकली रडली नाही. पण आरशात बघायचं सोडून तिने माझा हात धरला आणि पुढे काय झालं म्हणून विचारलं. आमच्या दुकानाच्या इतिहासात हे कुणी विचारलेलं नव्हतं. सगळी पोरं आरसा बघून विसरतात. मी म्हटलं, पुढे काय होणार, मणी डुलला, म्हाताऱ्याने पहिल्यांदा नीट ऐकलं, तर म्हातारी इतकी वर्षं एकच विचारत होती, तू ऐकतोयस का. टिकली खदखदून हसली आणि नवीन डूल हलवत, ऐकतेय ऐकतेय म्हणत, आजींच्या पुढे धावत गेली. बंदूकवाल्यानेही बंदूक पिशवीत घातली. जाताना मला म्हणाला, ताई, माझ्या डाव्या कानातली वरची रिंग नेहमी सुजते, एकदा बघशील? मी म्हटलं, बस.

सगळे गेल्यावर माझा दुसरा कान राहिला. मी आणखी एक नवी सुई पुसून बाबांसमोर धरली.

ते मागे सरले. “वाकडं जाईल,” म्हणाले.

“जाऊ दे.”

“अग, जन्मभर राहील ते.”

“राहायलाच हवंय,” मी म्हटलं. मला रडू यायला लागलं होतं आणि हसूही येत होतं, दोन्ही एकाच वेळी, त्यामुळे आवाज भलताच निघाला. मी स्टुलावर चढून बसले आणि डावा कान त्यांच्याकडे केला.

त्यांनी ठिपका दिला. बूच धरलं. अंगठा थरथरत होता, तो माझ्या पाळीला कळत होता. मी त्यांचं मनगट धरलं, घट्ट नाही, नुसतं धरलं. त्यांनी खलाशाला जहाजावर चढवलं. वादळ आलं, शीड फाटलं, खलाशी डोलकाठीला मिठी मारून बसला. बाबांचा आवाज चढला, पूर्वीसारखाच. “आणि तेवढ्यात,” ते म्हणाले, आणि मी पळाले नाही.

सुई गेली. बाबांचे डोळे मिटलेले होते. मी बसल्या जागेवरून विचारलं, “बाबा, पुढे काय झालं त्याचं?”

त्यांनी डोळे उघडले. “काय व्हायचंय. वादळ ओसरलं. पोचला घरी.”

“आणि कानातलं सोनं?”

“ते लागलं नाही ना. मुलीला दिलं.”

मग त्यांनी काउंटरचा सगळ्यात खालचा खण उघडला आणि कापसात ठेवलेली एक जोडी काढली. तान्ह्या बाळाची. मी जन्मले त्या आठवड्यात केलेली. ज्वारीच्या दाण्याएवढा एकेक मणी, आणि त्याला खालून टांगलेला आणखी एक, डुलणारा. फिरक्या इतक्या बारीक की मला त्या बसवताना डोळ्यांना भिंग लावावं लागलं.

मोठ्या बाईच्या कानात ती दिसतच नाहीत, आत्या म्हणते काहीतरी भारदस्त घाल. मी काढत नाही. उजव्या कानाचं भोक मी पाडलेलं आहे, ते अगदी ठिपक्यावर आहे. डावं केसभर वर आहे. त्यामुळे डावा डूल पाळीला पुरता टेकत नाही, आणि मान न हलवताही डुलतो. गिऱ्हाइकं विचारतात, हा कान कुणी टोचला हो. मी सांगते, सोनाराने.